ढाण्याचे कान

"डॉक्टर, तुम्ही फक्त 'पिसाळलंय' एवढं म्हणा. पुढचं मी बघतो."

सुभेदार मोहित्यांच्या हातात दुनळी बंदूक होती. कारखान्याच्या गेटपासून थोड्या अंतरावर एका लिंबाला साखळीने बांधलेला कुत्रा गोल गोल फिरत होता. फिरायचा तो एकाच दिशेने, डावीकडे. मान डावीकडे कललेली. दोन-तीन फेऱ्या झाल्या की तोल जाऊन पडायचा, उठायचा, पुन्हा फिरायचा. डाव्या ओठातून लाळ गळत होती. दहा-बारा कामगार हातातलं काम टाकून लांबून बघत होते. सुभेदारांच्या मागे कारखान्याचे मॅनेजर दातारसाहेब घड्याळाकडे बघत उभे होते.

मी तेव्हा चिंचवडला लोकल बोर्डाच्या गुरांच्या दवाखान्यात नवीन होतो. माझं काम बैल, म्हशी, शेळ्या आणि सरकारी टोचणी. कुत्र्यासाठी मला कोणी बोलावत नसे. पण पिंपरी-चिंचवडच्या माळावर पन्नासच्या दशकात एकेक कारखाना उभा राहायला लागला होता आणि तिथला कुत्रा पिसाळला तर त्याला गोळी घालण्याआधी डॉक्टरचा शब्द हवा, असं दातारसाहेबांचं म्हणणं पडलं. म्हणून मला सायकलवरून यावं लागलं.

"काल मी पट्ट्याला धरलं तर अंगावर आला," सुभेदार म्हणाले. "बाही फाटली. दात लागले नाहीत, नशीब. हाक मारली तर ओळख देत नाही. लाळ बघा. आणखी काय पाहिजे?"

सुभेदार फौजेतून रिटायर होऊन कारखान्याच्या सिक्युरिटीवर आले होते. चांगला माणूस. तीनशे कामगारांची जबाबदारी त्यांच्यावर होती आणि पिसाळलेल्या कुत्र्याने माणूस चावला तर पोटात इंजेक्शनं घ्यायला पुण्याला रोज जावं लागायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही.

तेवढ्यात गेटमधून एक बाई तरातरा आत आल्या. हातात भाकरीची टोपली. वॉचमन त्यांना अडवायच्या फंदात पडला नाही.

"कोन म्हनतंय पिसाळलाय? माज्या ढाण्याला गोळी घालनार व्हय? आधी मला घाला!"

या हौसाबाई. चिंचवडच्या जुन्या घरातल्या. गेटबाहेर कामगारांना पिठलं-भाकरी विकायच्या. ढाण्या त्यांचाच. देहूरोडच्या छावणीतल्या कुणा साहेबाच्या शिकारी कुत्र्याचं रक्त त्याच्यात होतं, त्यामुळे कान लांब आणि लोंबते. पिल्लू असताना हौसाबाईंच्या मागे मागे गेटमध्ये शिरला आणि तिथेच राखणीला लागला. कारखान्याला अजून पक्कं कंपाउंड नव्हतं. नदीच्या बाजूला नुसती तार होती. ढाण्या होता म्हणून तांब्याची वायर जागेवर राहायची, असं सुभेदार स्वतःच आधी सांगायचे.

मी हौसाबाईंना विचारलं, "मान कधीपासून वाकडी आहे?"

"संक्रांतीपासनं. तवा थोडी व्हती. आता लईच झालीया."

"मला का नाही सांगितलं?" सुभेदार चिडून म्हणाले.

"तुमी गावाला गेलाता न्हवं रजा टाकून!"

महाशिवरात्र जवळ आली होती. म्हणजे महिना होत आला. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला, कारण पिसाळलेलं कुत्रं लक्षणं दिसायला लागल्यावर इतके दिवस उभंच राहत नाही. आठ-दहा दिवसांत मरतं.

पण एवढ्यावर बंदूक खाली येणार नव्हती. मी हौसाबाईंना म्हटलं, "लांबूनच त्याच्यापुढे भाकरी आणि पाणी सरकवा."

ढाण्या भाकरीच्या वासाने थांबला. शेपटी हलवली. भाकरी चावून खाल्ली, पाणी प्यायला. पिताना डाव्या बाजूने पाणी सांडत होतं.

"हे बघा," मी सुभेदारांना म्हणालो. "पिसाळून लाळ गळायला लागली की कुत्र्याचा खालचा जबडाच लोंबतो, त्याला खाणं-पाणी गिळता येत नाही. याचा जबडा मिटतोय. फक्त डावा ओठ लुळा आहे. मान डावीकडे, फिरणं डावीकडे, ओठ डावा. जे काही आहे ते डाव्या बाजूला आहे. मला वाटतं, कानात."

"कानात?" दातारसाहेब पहिल्यांदाच बोलले. "कान दुखतो म्हणून कुत्रं गोल फिरतं?"

"नुसता दुखून नाही. कानाच्या आत तोल सांभाळायची जागा असते. पू तिथपर्यंत गेला की जमीन फिरल्यासारखी वाटते. ओठ हलवणारी नसही त्याच्या शेजारून जाते. ती दबली की ओठ लुळा पडतो आणि लाळ गळते. सुभेदारांनी पट्ट्याला धरलं तेव्हा तो कान ओढला गेला असेल. ठणकत्या कानाला हात लागला तर कोणीही चावेल."

"आणि तुमचं चुकलं तर?" दातारसाहेबांनी विचारलं.

चुकलं तर आधी मीच चावला जाणार होतो. माझ्या वरच्या साहेबांनी पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरापासून लांब राहायची ताकीद दिली होती, ती वेगळी.

"माझी जबाबदारी," मी म्हणालो. "त्याला आत कोपऱ्यात बांधा. माझ्याशिवाय आणि हौसाबाईंशिवाय कोणी जवळ जायचं नाही. पण कान मला लवकर बघितला पाहिजे. तिथून पू मेंदूत गेला तर गोळीची गरजच राहणार नाही."

दातारसाहेबांनी सुभेदारांकडे बघितलं. सुभेदारांनी बंदूक उघडून काडतुसं काढली आणि खिशात टाकली. खूश होऊन नाही, पण काढली.

आता खरी अडचण पुढे होती. माणसाचा कान सरळ आत जातो. कुत्र्याचा कान आधी विहिरीसारखा खाली जातो आणि मग काटकोनात वळून आत पडद्यापर्यंत पोचतो. वरून बघितलं तर वळणापलीकडचं काही दिसत नाही. कान वर आणि बाहेर ओढून ती वाट सरळ करायची आणि आत एक निमुळती नळी घालून उजेड टाकायचा, अशी पद्धत. माझ्या दवाखान्यात म्हशीचं तोंड उघडं ठेवायची लोखंडी चौकट होती, शिंगं कापायची करवत होती. कुत्र्याच्या कानाची नळी नव्हती. पुण्याहून मागवायची तर दिवस जाणार.

मी दातारसाहेबांना म्हणालो, "एक पितळी नळी मिळेल का? एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळती. नरसाळ्यासारखी."

दातारसाहेबांचा चेहराच बदलला. तोवर ते मॅनेजर होते. आता इंजिनिअर झाले.

"टोकाला बोअर किती?"

"बोरूच्या जाडीएवढा."

"लांबी? कडा गोल पाहिजेत ना? आतून पॉलिश?" त्यांनी खिशातून पेन्सिल काढून तिथेच सिगारेटच्या पाकिटावर चित्र काढलं. "आत पॉलिश केलं तर उजेड जास्त आत जाईल."

हे मला सुचलं नव्हतं.

आम्ही शॉपमध्ये गेलो. लेथवर सावंत नावाचे टर्नर होते, कोकणातले. त्यांनी चित्र उलटंसुलटं करून बघितलं, मग एकदा माझ्याकडे बघितलं.

"कुत्र्याच्या कानात घालूक?"

"हो."

"होतला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत होतला."

सुट्टीचा भोंगा व्हायच्या आत नळी तयार झाली. सोन्यासारखी चकचकीत. आयुष्यात पुढे मी परदेशी बनावटीची महागडी उपकरणं वापरली, पण इतकी देखणी वस्तू हातात आली नाही.

दुपारी ढाण्याला सिक्युरिटीच्या खोलीमागच्या पडवीत आणलं. हौसाबाईंनी त्याला पोत्यावर निजवलं. मी बँडेजच्या पट्टीचा फास करून तोंड बांधलं आणि गुंगीचं इंजेक्शन दिलं. मागचे पाय धरायला कोणीतरी हवं होतं. कामगार मागे सरकले. सुभेदार कोट काढून पुढे आले.

"माझी बाही फाटलीच आहे," ते म्हणाले.

कान उलटला आणि वास आला. सडलेल्या चिंचेसारखा, त्याहून घाण. सुभेदारांनी तोंड फिरवलं, पण पाय सोडले नाहीत. आधी कोमट मिठाच्या पाण्याने पू हळूहळू धुऊन काढला. हौसाबाईंनी कानात लसूण घालून उकळलेलं तेल ओतलं होतं, त्याचा थर वर जमला होता.

"त्याल घालाय नगं व्हतं का?" त्यांनी विचारलं.

"कानात काय आहे हे बघितल्याशिवाय काहीच घालू नये. पडदा फाटलेला असला तर ते थेट आत जातं."

मग कान वर ओढून सावंतांची नळी आत सरकवली. दातारसाहेबांनी टॉर्च धरली. वळणापलीकडे काहीतरी काळपट, केसाळ दिसलं. लांब बारीक चिमट्याने मी त्याचं टोक पकडलं आणि सावकाश ओढायला लागलो. ते येईना. थोडं आलं, अडकलं. पुन्हा थोडं. आणि एकदम पूच्या गुठळीसकट बाहेर निघालं.

कुसळं. माळावरच्या गवताची कुसळं, चारपाच, एकमेकांत पिळून दोरीसारखी झालेली.

पवनेच्या काठापासून आमच्याकडचा सगळा माळ तेव्हा कुसळी गवताने भरलेला असायचा. दिवाळीनंतर ते वाळलं की कुसळं कपड्यांत घुसायची. या कुसळाला एकाच दिशेने बारीक काटे असतात. ते पुढे सरकतं, मागे येत नाही. कुत्रं मान झटकतं तसतसं ते आणखी आत जातं. या कुसळांनी ढाण्याचा पडदा फोडून पार आत मुक्काम केला होता.

मी कुसळं सुभेदारांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बोटाने उलटून बघितली.

"एवढ्याशाने?" ते म्हणाले.

पुढचे काही आठवडे मी रोज सायकल मारत जात होतो. पेनिसिलिनचं इंजेक्शन, कान साफ करणं, कापूस बदलणं. आधी लाळ थांबली. मग फिरणं थांबलं. मान मात्र पूर्ण सरळ झाली नाही. ढाण्या नंतर कायम थोडा विचारात पडल्यासारखा दिसायचा. पण पळायला लागला, हौसाबाईंच्या टोपलीत तोंड घालायला लागला. कामगारांनी मला चहा पाजला. मी फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू.

आणि एक दिवस सुभेदारांनी गेटवरून शिट्टी मारली. ढाण्या पाठमोरा बसला होता. वळला नाही. त्यांनी पुन्हा मारली, जोरात. नाही.

मी त्याच्या मागे उभा राहून जेवणाच्या थाळ्यावर पान्हा आपटला. लांबचे कावळे उडाले. ढाण्याचा कानसुद्धा हलला नाही. मी जमिनीवर पाय आपटला, तेव्हा मात्र वळला. म्हणजे ऐकू येत नव्हतं, हादरा कळत होता.

डावा कान गेला असणार हे मी धरलंच होतं. उजवा कान बघितला. त्यात कुसळ नव्हतं, पण लोंबत्या कानाखाली ओल साचून साचून वर्षानुवर्षं खाज, सूज चालू असावी. ढाण्याला नदीत डुंबायचा नाद होता. आतली वाट सुजून जवळजवळ बंद झाली होती. सूज मी उतरवली, ऐकणं परत आलं नाही.

दातारसाहेब वाईट माणूस नव्हते, पण कारखाना चालवत होते.

"डॉक्टर, तुम्ही कमाल केलीत. पण बहिरा कुत्रा राखणीला काय कामाचा? बाईंना म्हणावं, घरी घेऊन जा."

हौसाबाईंचं घर मुंबई-पुणे रस्त्याला लागून. दिवसभर ट्रक. त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "घरी न्हेला तर आठ दिसांत गाडीखाली येईल त्यो. मागनं आलेली गाडी कशी कळनार त्याला? हितं तार तरी हाय."

कान बरे करायला मी आलो होतो आणि कान बरे झाले नव्हते.

सुभेदार पुढे आले. "साहेब, तोफा सुरू झाल्या की आम्ही सगळे बहिरेच असायचो. शेजारचा ओरडला तरी कळायचं नाही. मग काय लढाई बंद करायचो? हाताने हुकूम द्यायचो. मला थोडी मुदत द्या."

दातारसाहेबांनी पावसाळ्यापर्यंत मुदत दिली.

मी दोन-तीन गोष्टी सांगितल्या. झोपलेल्या बहिऱ्या कुत्र्याला मागून हात लावायचा नाही, दचकून चावेल. आधी नाकाजवळ हात न्यायचा, वास आला की तो आपोआप जागा होतो. त्याच्याशी बोलताना समोर उभं राहायचं. बाकीचं सुभेदारांनी आपल्या डोक्याने केलं. तळहात उभा धरला की थांब. मांडीवर थाप म्हणजे ये. हात बाजूला ताणला की त्या दिशेला जाऊन बघ. प्रत्येक वेळी बरोबर केलं की हौसाबाईंच्या भाकरीचा तुकडा. त्याला झोपायला लाकडी फळ्यांचा चौथरा केला, म्हणजे कोणी फळीवर पाय आपटला की त्याला पोटाखालून कळायचं. लांबून बोलवायचं तर लाल फडकं हलवायचं.

सुरुवातीला ढाण्या फक्त भाकरीकडे बघायचा. सुभेदार कवायतीच्या आवाजात हुकूम द्यायचे आणि मग त्यांच्या लक्षात यायचं की कोणासाठी ओरडतोय. कामगार हसायचे. पावसाळा आला तेव्हा हसणं बंद झालं होतं. सुभेदार गेटवर उभे राहून नुसता हात हलवायचे आणि कुत्रा नदीकडची सगळी तार हुंगून परत यायचा. दातारसाहेबांनी मुदतीची आठवण काढली नाही.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी दातारसाहेबांनी मला मशीनच्या पूजेला बोलावलं. लेथला झेंडूच्या माळा. प्रसाद घेऊन कामगार घरी गेले. सूर्य अजून मावळायचा होता, पण गावात फटाके सुरू झाले होते. कारखान्यावर आणखी तीन कुत्री होती, चांगली ऐकू येणारी. तिघंही ट्रकखाली घुसून थरथरत होती. दिवाळीत कुत्र्यांचं हे असंच असतं. त्यांचे कान आपल्यापेक्षा फार तीक्ष्ण, त्यांना तो आवाज सोसत नाही.

मी आणि सुभेदार गेटवर बोलत उभे होतो. ढाण्या चौथऱ्यावर होता. एकदम उठला, नाक वर केलं आणि नव्या शेडच्या मागे, नदीच्या बाजूला, सरळ रेषेत चालू लागला.

"वाऱ्यावर काहीतरी आलंय," सुभेदार म्हणाले. आम्ही मागोमाग धावलो.

शेडमागे तार वर उचललेली होती. एक माणूस तांब्याच्या वायरीचं वेटोळं ओढत बाहेर सरकत होता. नव्या मोटरींसाठी आलेली वायर. तारेपलीकडे त्याचे दोन साथीदार. ढाण्याने वेटोळेवाल्याचं धोतर धरलं.

पलीकडच्या एकाने शांतपणे फटाक्यांची माळ पेटवली आणि कुत्र्याच्या अंगावर फेकली. त्यांचा बेत पक्का होता. दिवाळीत येतात, फटाका टाकतात, कुत्रं पळतं, आणि त्या आवाजाकडे कोणाचं लक्षही जात नाही. माळ ढाण्याच्या पायाशी तडतडली. त्याने उजेडाने एक डोळा मिटला. धोतर सोडलं नाही.

दुसरी माळ आली. ढाण्या शेपटी ताठ करून तसाच उभा. मी त्या माळ फेकणाऱ्याचा चेहरा अजून विसरलो नाही. भूत बघितल्यासारखा तो कुत्र्याकडे बघत होता. मग दोघंही नदीकडे पळत सुटले.

धोतरवाला ओरडत होता, "सोडवा हो! माय-बाप, सोडवा!"

सुभेदारांनी ओरडून हुकूम दिला नाही. धुरातून वळसा घालून ते ढाण्याच्या बरोबर समोर आले आणि तळहात उभा धरला. ढाण्याने त्या हाताकडे बघितलं. धोतर सोडलं. बसला. पण नजर त्या माणसावरच.

"शाब्बास," सुभेदार म्हणाले. मग त्यांनाच हसू आलं. त्यांनी ढाण्याची पाठ थोपटली, कितीतरी वेळ.

दातारसाहेब पूजेच्या सोवळ्यातच धावत आले. पोलीस आले, माणसाला घेऊन गेले. वायर सगळी जागेवर. ढाण्याच्या पुढच्या पायाचे केस जळले होते, मी मलम लावलं. हौसाबाईंनी करंज्या आणल्या आणि पहिली कुत्र्याला दिली.

"साहेब," त्या दातारसाहेबांना म्हणाल्या, "कामाचा हाय का न्हाई?"

"कायम केला," दातारसाहेब म्हणाले. "आजपासून कायम."

ढाण्या त्यानंतर पाच-सहा वर्षं नोकरीत होता.

त्या दिवाळीनंतर माझ्या दवाखान्यात म्हशींच्या रांगेत कुत्री-मांजरी दिसायला लागली. निगडीहून एक गृहस्थ कुत्र्याच्या कानात गोचीड घेऊन आले. आळंदीच्या एका बाईंनी पांढरीशुभ्र मांजर आणली, दोन्ही डोळे निळे. तक्रार अशी की ती माजोरी आहे, हाक मारली तर ढुंकून बघत नाही. मी तिच्या मागे टाळी वाजवली. काही नाही. अशा पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत पुष्कळशी जन्मतः बहिरी असतात. औषध नाही. रस्त्यावर सोडू नका, जेवायला बोलावताना फरशीवर थाप मारा, एवढंच मी सांगितलं.

बाईंनी मांजरीला उचलून छातीशी धरलं. "अगं बाई, आणि मी हिला रोज बोलत होते हो!"

नोकरीतल्या पुढच्या सगळ्या वर्षांत मी लोकांना एकच सांगत आलो. गवतातून फिरून आलं की कान उलटून बघा. आठवड्यातून एकदा हुंगा. निरोगी कानाला वास नसतो. आणि हाक मारून जनावर आलं नाही, तर आधी त्याचे कान तपासा. रागवायला नंतर भरपूर वेळ असतो.